रोझेटाआजीच्या डोक्याले खोबरेल

प्रिय माय,

जेनोवा शहरातून तुह्या सलोमीचा सलाम. देवाच्या दयेनं मी बरी आहो. इथं थंडी लय आहे, पण मोठ्या सिस्टरनं मले जाड स्वेटर देलं. तू काळजी करू नको.

आमच्या मिशनच्या वृद्धाश्रमात रोझेटाआजी आहे. कोणाले डोक्याले हात लावू देत नाही, पण मले देते. रविवारी मी तिचे केस विंचरले अन् सवयीनं कोमट खोबरेल जिरवलं, तू मले लावत होती तसं. आजी डोळे मिटून बसली.

संध्याकाळी तिची लेक आली अन् माह्यावर भडकली, "आईचे केस धुतले काहून नाही?" इथं तेलकट केस म्हणजे मळके, हे मले काय माहीत. माफी मागून मी केस धुऊन देले.

काल आजीनं स्वतःच तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवलं. लेक बाजूलेच होती. ती माह्यासमोर तळहात धरून म्हणाली, "कसं लावतात, दाखव."

मी देवाचे उपकार मानले. मंग खोलीत येऊन तुही आठवण काढत बसून राहिली.

आपल्या मोर्शीत संत्री उतरली का? तुहा खांदा अजून दुखते का? हात डोक्यापर्यंत जात नसन. तेल लावून दे असं तू कोणाले म्हणणार नाही, मले माहीत आहे. तेलाची वाटी घेऊन प्रणालीवहिनीसमोर नुसती बसजो, माय. ती लावून देईन.

देव तुले सांभाळो.

तुही,
सलोमी