नऊ सावल्यांची मूठ

१२ मार्च

ती. दादास,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस. अण्णा आहेत. घरातली माणसं अजून तरी जागच्या जागी आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस, मला रडू येतं, आणि दोघांचंही बोलणं राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

अण्णांचे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढायचं सोडत नाहीत. क्लास तिथेच आहे, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. खालून रबराचा वास आणि वर पोरांच्या घामाचा. भिंतीवर पांढऱ्या दाढीच्या आजोबागुरूंचा फोटो तसाच आहे, फक्त काच बदलली. संध्याकाळी अण्णा खुर्चीत बसतात, मी शिकवते आणि मिशाळ मुलांना ओळीत उभं करतो. मिशाळ म्हणजे तुझ्या बरोबरीचा तो जाडा. मिश्या पिकल्या, पण अण्णांसमोर अजून हात बांधूनच उभा असतो.

नवीन मुलं आली की अण्णा तीच गोष्ट सांगतात. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर फिटर होते, तिथे एक चिनी आचारी होता, तो खरा म्हणजे मठातून पळालेला साधू, आणि त्यानं इंजिनखोलीत लपूनछपून अण्णांना 'नऊ सावल्यांची मूठ' शिकवली. शेकडो वर्षांची विद्या, जगात दोघांनाच येत होती, आता एकालाच येते. पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात. आपणही तसंच ऐकायचो.

माझी चिमणी बरी आहे. कवळ्या बनवतात त्या लॅबमध्ये ती काम शिकत होती, हे तुला मागे सांगितलं होतं. मेणाचा दात कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही असं तिचे साहेब म्हणायचे. सध्या सुट्टीवर आहे. डाव्या हातानं लिहायचा सराव करते. अक्षर तरी माझ्यापेक्षा बरं येतं.

तिचे बाबा दौऱ्यावरून परत आलेत. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आता मुद्द्याचं. तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी. समोरच्यानं डाव्या हातानं आपलं मनगट धरलंय आणि त्याच्या उजव्या हातात सुरी आहे. तू आता ज्यांच्याकडे शिकतोस ते तिकडचे गुरुजी अशा वेळी काय करायला सांगतात? आपली सातवी सावली तुला आठवत असेल: एका पावलानं आत वळायचं, तळहातानं सुरीचा हात बाहेर लोटायचा, आणि कोपर वर. त्यांच्याकडे असं काही आहे का?

दुसरी गोष्ट. तू कायमचा जाण्याआधी अण्णांना आतल्या खोलीत नेऊन दार लावलं होतंस. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "याला आता आपली विद्या कमी पडायला लागली." तू चकार शब्द काढला नाहीस. बॅग उचललीस आणि निघालास. आत काय बोलणं झालं होतं?

खरं लिही. गोडगोड लिहू नकोस. ते मला घरात भरपूर मिळालंय.

तुझी,
धाकटी


३ मे

दादा,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. मायना लिहायचं मन होत नाहीये, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

खरी चिनी विद्या कशी ओळखावी यावर तू पानंच्या पानं लिहिलीस. चांगली लिहिलीस, उगाच कशाला नाकारू? गुरूचा गुरू कोण हे विचारावं, आणि नुसत्या नावावर समाधान मानू नये, त्या नावाचे बाकीचे शिष्य कुठे आहेत तेही विचारावं. जी विद्या जगात एकालाच येते तिच्यापासून लांब राहावं. रंगीत पट्टे ही अलीकडची टूम. आपले पांढरे कपडे आणि सलाम करायची तऱ्हा चिनी नव्हेच, दुसऱ्याच देशाच्या विद्येतून उचललेली. अण्णा ज्या आकड्यांवर आपल्याला नाचवायचे ते आकडे तर कुठल्याच भाषेतले नाहीत! हे वाचून मला हसू आलं, खरंच आलं. मग लक्षात आलं की मी अजून त्याच आकड्यांवर मुलांना ओरडते.

आणि तू लिहिलंस की सरावातला जोडीदार खरोखर अडवतो की ठरल्यासारखा पडतो, ते बघावं. आणि खरा शिक्षक आपल्या विद्येनं काय जमत नाही तेही सांगतो. सुरीचं विचारल्यावर तुझे गुरुजी म्हणाले, "पाकीट दे आणि पळ."

पाकीट दे आणि पळ. एवढं साधं!

तू त्यांना आपल्या नऊच्या नऊ सावल्या करून दाखवल्यास, त्यांनी शेवटपर्यंत पाहिल्या आणि "ही कोणती शैली" असं न विचारता "हे कुणी बनवलं?" असं विचारलं. त्याच आठवड्यात तू घरी आलास आणि बंद दाराआड अण्णांना ते सांगितलंस. अण्णा म्हणाले, "धाकटीला कळू देऊ नकोस. तिचं सगळं यावर उभं आहे." आणि तू ऐकलंस. मला दुखवायचं नव्हतं म्हणून. असं तू लिहितोस.

आता मी लिहिते.

चिमणी लॅबमधून सुटून बसथांब्यावर उभी होती. दिवसाउजेडी, आजूबाजूला माणसं. एकानं येऊन तिचं मनगट धरलं आणि पर्स मागितली. हातात सुरी. शेजारची बाई सांगते की तो पोरगा स्वतःच थरथरत होता, पर्स दिली असती तर पळाला असता. आपल्या चिमणीनं पर्स दिली नाही. ती एका पावलानं आत वळली.

तिनं काहीही चुकवलं नाही, दादा. मी तिला लहानपणापासून शिकवलंय, मला माहीत आहे. वळली बरोबर, तळहात बरोबर जागी नेला. फक्त समोरच्यानं सुरीचा हात ठरल्यासारखा पुढे करून ठेवला नाही. मागे ओढला. तिच्या तळहातातून, बोटांच्या मुळाशी. तीन बोटांच्या शिरा तुटल्या. दोन ऑपरेशनं झाली. बोटं वाकतात, पण मेणाच्या दातावर कोरणी धरण्याइतकी पकड पुन्हा येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी तिला विचारलं, "अगं, हात कशाला पुढे केलास?" तर ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "आम्हाला तसं शिकवलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

अण्णांना दवाखान्यात नेलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बाहेर व्हरांड्यात आले आणि मला म्हणाले, "पाय चुकला असेल पोरीचा."

मी म्हटलं, "अण्णा, पाय चुकला नाही."

"चुकल्याशिवाय असं होणार नाही. सातवी सावली कधी फसत नाही."

"कधी कुणावर चालवली होती तुम्ही?"

अण्णा बाकावर बसून चष्मा पुसत राहिले. त्यानंतर मी तुला पहिलं पत्र टाकलं.

तुझं उत्तर आलं त्या आठवड्यात मी संध्याकाळच्या तुकडीला आई-बापांनाही बोलावलं. अण्णा खुर्चीत होते. मी मिशाळच्या हातात लाल शाईचं जाडं पेन दिलं आणि सांगितलं, "ही सुरी समज. मला मार." तो नेहमीसारखा एक पाऊल पुढे आला, हात लांब करून थांबला, मी कोपर लावायच्या आधीच गडगडत जाऊन पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "ऊठ. पडू नकोस. थांबूही नकोस. मला खरोखर लागेल असं मार."

"ताई, कसं मारू तुम्हाला?"

"जसं चिमणीला मारलं तसं."

त्याचं तोंड उतरलं. पण मग तो आला, आणि खरा आला. मला येतं तेवढं सगळं मी केलं, दादा. सातवी, चौथी, नववी. आयुष्यभर केलंय, माझ्याइतकं चांगलं ते कुणालाच येत नाही, अण्णांनाही नाही. थांबलो तेव्हा माझ्या मनगटांवर, पोटावर, मानेवर लाल रेघा होत्या. मिशाळच्या अंगावर काहीच नव्हतं. मी तशीच सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की ही विद्या जुनी नाही, चिनी नाही, आणि हिच्या भरवशावर कुणी सुरीसमोर हात करू नका. मुलांना घरी न्या.

पितळ उघडं पडल्यावर लोक चिडतात असं मला वाटायचं. एक बाप म्हणाला, "पण मुलांना शिस्त लागते ना." एका बाईनं विचारलं, पट्ट्याची परीक्षा पुढे ढकलली का. आणि मिशाळ माझ्याजवळ येऊन, पेन परत देत, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुम्ही मुद्दाम हळू केलंत, ताई. पोरीचा राग तुम्ही विद्येवर काढताय."

सगळे गेल्यावर अण्णा आणि मी दोघंच उरलो. मी ओल्या फडक्यानं मान पुसत होते. अण्णा म्हणाले, "आचारी होता गं. ते खोटं नाही."

मी फडकं पिळलं.

"पहाटे डेकवर नेऊन उभं करायचा. नुसतं उभं. गुडघे थोडे वाकवून, हात असे, पोटाशी मडकं धरल्यासारखे. जहाज हलायचं. तो म्हणायचा, हलू दे, तू हलू नकोस. महिनोन्महिने तेवढंच. पुढचं शिकवायच्या आत एका बंदरात उतरून गेला. साधू वगैरे नव्हता. आचारीच होता."

"मग नऊ सावल्या?"

"नुसतं उभं राहायला कोण येतं गं शिकायला?" अण्णा म्हणाले. "पहिल्या महिन्यात दोन पोरं होती. मग मी एक सावली काढली. मग दुसरी."

तुला तिकडे पहिलं वर्षभर नुसतं उभं केलं होतं, हे तुझ्या पत्रात मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. म्हणजे अस्सल म्हणावं असं जे एक अण्णांजवळ होतं, तेवढंच त्यांनी आपल्याला कधी दिलं नाही. मी त्यांना हे सांगितलं नाही. त्या दिवशी वाटलं होतं, म्हातारा निदान खरं तरी बोलला. त्यांना हाताला धरून जिन्यावरून खाली उतरवलं.

पंधरवड्याच्या आत मिशाळनं समोरच्या गल्लीत क्लास काढला. पाटीवर लिहिलंय, 'अस्सल नऊ सावल्या'. आपली बहुतेक मुलं तिकडे गेली. मी गद्दार झाले. आणि दादा, आपले अण्णा रोज संध्याकाळी कपडे करून तिकडे जाऊन खुर्चीत बसतात. मी विचारलं, "अण्णा, मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंत ना?" तर म्हणाले, "काय सांगितलं?" विसरलेले नाहीत. माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाले.

आजोबागुरूंचा फोटोही मिशाळ घेऊन गेला. हॉल रिकामा आहे.

तो हॉल मी सोडू नये, तू महिन्याभरात येतोस, आपण दोघं मिळून खरी विद्या शिकवू, असं तू शेवटी लिहिलंयस. सहा ओळींत लिहिलंयस, आणि त्यात चिमणीचं नाव एकदा आलंय, तेही "तिलाही हळूहळू उभं राहायला शिकवू" असं. तुझी विद्या खरी आहे, मला शंका नाही. तुझे गुरू खरे, त्यांचे गुरू खरे. पण मला सांग, तुला खोटं कळलं तेव्हा चिमणी बारा वर्षांची होती. त्या दिवशी तू खोलीतून बाहेर आलास तेव्हा ती दारातच सातव्या सावलीचा सराव करत होती. "मामा, बघ ना," म्हणाली. तू बघितलंस. "छान," म्हणालास. आणि गेलास.

अण्णांनी खोटं शिकवलं, ते खोटं मला खरं वाटत होतं. अण्णांखेरीज घरात खरं माहीत असलेला माणूस एकच होता.

हॉलची किल्ली मी परवा मालकाला देऊन टाकली. तिथे आता टायर ठेवणार आहेत.

एक गोष्ट लिहू की नको, असं ठरत नव्हतं. तुझं पत्र आलं तेव्हा चिमणी समोर बसली होती. मी वाचून घडी घातली तशी तिनं विचारलं, "आई, मामाला माहीत होतं का गं?" तिचा तुझ्यावर फार जीव आहे. आजोबांशी बोलणं तिनं सोडलंय. बाबा माझ्याशी बोलत नाहीत हे तिला दिसतं. माझ्याकडे ती बघते तेव्हा काय बघते, ते विचारायची माझी हिंमत नाही. मी म्हटलं, "नाही गं. त्यालाही नंतर कळलं."

तिनं मान हलवली आणि बरं वाटल्यासारखं हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. शिकवायला येऊ नकोस. तिला भेटायला यायचं असेल तर ये, पण येताना ठरवून ये: माझं खोटं तू तिच्यासमोर जन्मभर निभावणार आहेस, की तिला खरं सांगून पुन्हा बॅग उचलणार आहेस.

तुझीच म्हणायची,
धाकटी