डावीकडे न वळणारी गाडी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे वाकणं कागदावरच). तुझा खोकला गेला का? भाऊजींचा हरवलेला चष्मा सापडला का, की अजून अंदाजानेच पेपर वाचतात? इकडे सगळे मजेत आहोत. आईचा गुडघासुद्धा पूर्वीसारखा रुसत नाही, कारण आपण गाडी घेतली. जुनी आहे. ("जुनी घेशील तर बरोबर जाणता माणूस ने," असं तू बजावलं होतंस. म्हणून मी स्वतःच गेलो.)

तुला ठाऊकच आहे, बसची पायरी चढवेना म्हणून आई सात महिने उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. खिडकीत बसून बसून ती रस्त्यावरची माणसं चपलांच्या आवाजावरून ओळखायला लागली होती. तिची मैत्रीण गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिला फोनवर म्हणाली, "आता मी फोटोतच भेटायची." ते माझ्या कानावर पडलं आणि मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवलं.

जुन्या गाड्यांचा व्यापारी अंगाने दांडगा, आवाजाने मऊ. फिकट निळी गाडी दाखवून म्हणाला, "एका मुख्याध्यापिकाबाईंची होती, साहेब. घर ते शाळा, शाळा ते घर." मी म्हटलं, थापा नकोत, मी घड्याळजी आहे, यंत्राची नाडी मला कळते. आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावून इंजिनावर वाकलो. ताई, भिंगातून इंजिन फार मोठं दिसतं, एवढाच बोध झाला. पण तेवढ्यात डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद दिसलं, आणि माझे हात शिवशिवले. ते बाहेर ओढलं, त्याच्याच टेबलावर उघडलं आणि वीस मिनिटांत चालतं करून परत बसवलं. व्यापाऱ्याने टाळ्या वाजवल्या. मला असं भरून आलं की बाकी काही न बघता मी सह्या केल्या. (चाकं चार आहेत हे घरी आल्यावर मोजलं.)

गाडी न्यायला बायकोला बोलावून घेतलं, येताना तीच चालवत होती. पहिल्या वळणाला तिने डावीकडचा सिग्नल दिला आणि हॉर्न बोंब मारायला लागला. सिग्नल बंद केला, हॉर्न गप्प. मी म्हटलं, सिग्नल न देता वळ. ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम." (लग्नाला चौदा वर्षं झाली, मी वाद घातला नाही.) शिवाय खड्डा आला की मागची काच आपली आपण खाली बसायची.

दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्याकडे गेलो आणि दोन गिऱ्हाइकांसमोर त्याला लबाड म्हणालो. गिऱ्हाइकं उठून गेली. तो एवढंच म्हणाला, "इथे वाजत नव्हता हो, साहेब. गुरुवारी मिस्त्रीला घेऊन घरी येतो."

आईला गुरुवारपर्यंत कुठला धीर! "उजवीकडे वळते ना? मग उजवीकडूनच चला." बायकोने कागदावर रस्ता आखला. डावीकडे जायचं तर तीनदा उजवीकडे, असा हिशोब. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला, पण त्या पाऊण तासात आईने नवा पूल पाहिला, आणि आपलं जुनं टपाल कार्यालयही. तिथे तिने तीस वर्षं शिक्के मारले, आता बुटांचं दुकान आहे. काच खाली बसली तेव्हा तिने हात बाहेर काढून वारा घेतला. मैत्रीण दारातच उभी होती. दोघी बराच वेळ हात धरून उभ्या राहिल्या. मग मैत्रीण म्हणाली, "वाळलीस गं." आई म्हणाली, "आणि तू सुटलीस." मी उगाच टायर तपासायला गेलो.

गुरुवारी मिस्त्रीने डॅशबोर्ड उघडला, आत डोकावला आणि विचारलं, "घड्याळाला कुणी हात लावला होता?" ताई, मी सिग्नलची तार हॉर्नला जोडून ठेवली होती! बायको आभाळाकडे बघायला लागली. मी व्यापाऱ्यापुढे हात जोडले, तर तो पोट हलवत हसला. काच त्याने फुकट बसवून दिली. "ती चूक माझी," म्हणाला. मग खिशातून त्याच्या बायकोचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ काढलं. "हे बघाल का? की याच्यासाठीही मिस्त्री लागेल?" शुक्रवारी मी त्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकं येईपर्यंत थांबून, चूक माझी होती असं मोठ्याने सांगितलं. आता बरं वाटतं.

भाऊजींना नमस्कार. खोकल्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुढच्या सोमवारपासून तुझी भावजय कामाच्या प्रशिक्षणाला महिनाभर बाहेरगावी चालली आहे. गाडी दारात उभी राहील. मला गाडी येत नाही, चालवण्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालो. तुला चालवता येते, तर महिनाभर येशील का? आईला मात्र सांग, माहेरची ओढ लागली म्हणून आले.

ता. ता. क. : वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. तीनदा नाही, पाचदा. नक्की या, पण त्यांना शेजारी बसवू नका. गाडीतलं घड्याळ एक मिनिट मागे पडतंय, असं कालपासून म्हणताहेत.