बरगडीपर्यंतची रेघ

३ तारीख, सोमवार
शाळेत मधल्या सुट्टीत ताई आणि मी एकाच पेल्यातून दूध प्यायचो. ती आधी प्यायची. मग 'अर्धं तुझं' म्हणून पेला पुढे करायची. कॉन्व्हेंटच्या सिस्टर रागवायच्या, आम्ही हसायचो. तोच टवका उडालेला पेला आज नव्या गावातल्या नव्या नोकरीच्या टेबलावर ठेवला आणि घरच्यासारखं वाटलं. तपासणी केंद्र लहान, पण लख्ख. सकाळी पेशंट यायच्या आधी प्लास्टिकच्या ठोकळ्याचा फोटो काढून मॅमोग्राफीचं मशीन तपासायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. डॉक्टर पहिल्याच दिवशी मावशी म्हणू लागले.

५, बुधवार
एक शिवणकामवाली आली. कडेवर अंगावर पिणारं बाळ, डाव्या स्तनात गाठ. डॉक्टरांनी कॅन्सर लिहिला. सोमवारी सकाळी आठला सरकारी दवाखान्यात ते स्वतःच स्तन काढणार. पण सोनोग्राफीत गाठीपासून बरगडीपर्यंत गेलेली काळी रेघ मी पाहिली. ताईचीही अशीच होती. कापल्यावर कळलं, टीबी. गोळ्यांनी बरी झाली असती. जखम शेवटपर्यंत भरली नाही, खोकत खोकतच ती गेली. मी म्हटलं, आधी सुईने तुकडा काढून तपासा. डॉक्टर हसून म्हणाले, मावशी, फोटोग्राफरने लग्न मोडायचं नसतं.

७, शुक्रवार
आज ठोकळ्याच्या फोटोत तीच गाठ. तीच रेघ. मशीन पुसलं, पुन्हा काढला. ठोकळा बाजूला ठेवून रिकाम्या मशीनचा काढला, तरी तीच. डॉक्टरांना बोलावलं तर फोटो कोरा. म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा.

९, रविवार
केंद्र बंद. किल्ली माझ्याकडे. दोष मशीनचा की डोळ्यांचा, म्हणून स्वतःलाच उभं केलं. डावा स्तन ठेवला, वरची पट्टी खाली आली. आता वर जात नाही. पेडल दाबून पाय दुखला. हाताने सोडवायची कळ मशीनमागे. मोबाईल काचेपलीकडे टेबलावर, पेल्याशेजारी. ही वही तेवढी हाताशी.

संध्याकाळ
आणखी आवळतेय. स्क्रीन आपोआप लागला— माझी छाती. रेघ बरगडीकडून बाहेर येतेय— आतून. काचेपलीकडे कोणी खोकलं. हा खोकला मी ओळखते—

सोमवार. उजाडलं
ऑपरेशन आठला. इथे नऊला उघडतात.
वही ज्याला मिळेल त्याने— सोनोग्राफीचा फोटो शिवणकामवालीला. सुई आधी, सुरी नंतर. ताईचा रिपोर्ट खालच्या खणात, तो डॉक्टरांना. शाल भाचीला. पेला—
पेला कुणालाच नको. फोडा. हाताशी कसा आला— भरलेला— कोमट—
ती म्हणतेय, अर्धं