बटणावरचं हळदकुंकू

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

सहापर्यंत लेख द्यायचा होता आणि दुपारी तीनला कॉम्प्युटर सुरूच होईना. लेख त्यातच, शेवटचे दोन परिच्छेद राहिलेले. सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, तो लागला. मॉनिटरची वायर काढून मशीनला लावली, तरी ढिम्म. बटण जरा घट्ट लागत होतं, पण तिकडे लक्ष दिलं नाही. बायकोवरच ओरडलो, "सुमन, काल झाडताना तूच काहीतरी ओढलंस!" ती स्वयंपाकघरात निघून गेली.

साडेचारला धायरीहून दुरुस्तीवाले शिंदे आले. मशीन न उघडता त्यांनी आधी बटणाकडेच पाहिलं.

"काका, काल पूजा कोणी केली?"

"मी."

"अगदी मनोभावे केलीत." त्यांनी कापसाने कुंकू पुसलं, फटीत वाळलेली हळद टाचणीने काढली. अडकलेलं बटण मोकळं झालं आणि मशीन सुरू.

म्हणजे ओल्या हळदकुंकवाचं बोट मीच टेकवलं, तेही नेमकं बटणावर. एवढ्या मोठ्या डब्यावर दुसरी जागा नव्हती? इतकी वर्षं लिहितोय, खात्री केल्याशिवाय कुणावर एक ओळ छापायला दिली नाही. मग घरात कसली घाई झाली होती?

लेख पावणेसहाला गेला. त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "चुकलं माझं. आज चहा मी करतो."

"करा की," सुमन म्हणाली. "फक्त गॅसच्या बटणाला कुंकू लावू नका."