दातांच्या खुणेची वाटी

फॉलसम, कॅलिफोर्निया
१८ ऑक्टोबर २००४

ती. सौ. आईंना,
उल्काचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्याकडे घट बसले असतील. बाबांचा गुडघा आता जिना चढू देतो का? देवदत्तला ऑफिसात काम फार आहे, पण जेवण वेळेवर होतं.

नव्या छंदाबद्दल फोनवर अर्धवटच बोलले होते. या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही, आणि फिजिक्स शिकलेली बाई भिंतींकडे किती दिवस बघणार? आमचे शेजारी हॅरल्ड, निवृत्त शाळामास्तर, दर रविवारी जुन्या सोन्याच्या खाणींकडे मेटल डिटेक्टर घेऊन जातात. दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी तिथला अख्खा ओढाकाठ उकरला, माती धुऊन नेली आणि गोट्यांचे ढीग मागे टाकले. मलाही न्या म्हणून मी त्यांच्या मागेच लागले.

आई, जमिनीत काय काय ऐकू येतं म्हणून सांगू! लोखंडी खिळ्यावर हेडफोनमध्ये घरघर होते, शिशाच्या गोळीवर ठसठशीत आवाज येतो, आणि बारीक सोन्यावर इतका हलका, की भास झाला असं वाटावं. पहिल्याच दिवशी मला चौकोनी खिळे आणि एक पितळी बटण मिळालं. ते कुणाच्या अंगरख्याचं असेल, या विचारात मी आठवडाभर पोळ्या करपवल्या.

आता जे गेल्या दोन पत्रांत टाळलं, ते लिहिते. गणपतीच्या फोटोंत गळ्याभोवती ओढणी का, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी सर्दी सांगितली. सर्दी नव्हती.

पंधरा ऑगस्टच्या रविवारी मी वाकले की मंगळसूत्र डिटेक्टरच्या चकतीवर लोंबायचं आणि तो किंचाळायचा. हॅरल्ड म्हणाले, "काढून माझ्या डब्यात टाक. तिथे खाली ठेवलाय बघ." पण सोनं जमिनीवर ठेवायचं नाही, ही तुमची शिकवण. मी ते ओकच्या फांदीला अडकवलं. निघताना घाईत ओढलं, तर पोत तुटली. मणी आणि दोन्ही वाट्या उतारावरच्या गोट्यांत घरंगळल्या. दिसले तेवढे मणी मी वेचले, वाट्या मात्र मिळाल्या नाहीत.

तेव्हापासून नऊ रविवार शोधतेय. हॅरल्डनी उतारावर सुतळीने चौकोन आखून दिलेत. चौथ्या रविवारी एक वाटी सापडली. पदर नव्हता, म्हणून शर्टाच्या टोकाने पुसली आणि फिरवून फिरवून बघितली. गुळगुळीत होती. माझ्या माहेरची. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

तुमची वाटी नाही सापडली, आई. बाबांनी तुम्हाला नवं मंगळसूत्र केलं तेव्हा जपून ठेवलेली, लग्नात मला दिलेली. तान्ह्या देवदत्तने चावून दोन दातांचे खळगे पाडलेली.

"नक्की काय शोधायचंय आपल्याला?" असं हॅरल्डनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या नवऱ्याचे दुधाचे दात." ते हसले नाहीत. वहीत तसंच लिहून घेतलं.

देवदत्त म्हणतो, "अगं, आईला सांगून टाक ना, यार. ती दुसरी करून पाठवेल. इतकं काय टेन्शन घेतेस?" तुम्ही खरंच पाठवाल, याचीच मला भीती वाटते. कृपा करून दुसरी करू नका. अजून अकरा चौकोन बाकी आहेत, आणि पाऊस लागून ओढा चढायला थोडेच आठवडे राहिलेत. येत्या रविवारी देवदत्तही येतोय. त्याच्या कानाला हेडफोन मीच लावणार आहे.

रागवायचं असेल तर फोनवर भरपूर रागवा, मी ऐकून घेईन. पोत पुन्हा ओवली आहे. माहेरच्या वाटीशेजारी तुमच्या वाटीची जागा मोकळी सोडून गाठ मारली, आणि आता ओढणी घेत नाही.

एकाच वाटीची, पण तुमचीच,
उल्का