दुधातली शेवंती

दि. ३ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सात ओळी, त्यातल्या पाच रडक्या. काज-बटणं करून पोट भरणाऱ्या बाईनं दोरा इतका ताणू नये गं, तुटतो. डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं घट्ट झालीत, औषध उरलं नाही, आता फक्त आराम द्यायचा. हे वाक्य मी चष्मा पुसून पुसून वाचलं. तुझी आई आडवी झाली की गुदमरते, म्हणून उशी कवटाळून बसून असते. डोळा लागला तर श्वास थांबेल या धास्तीनं डोळाही लावत नाही. पाच दिवस झाले म्हणतेस. माणूस असा किती दिवस बसेल?

माझ्या हातात काय आहे? चहा आहे. हसू नकोस. मी चौथी नापास असले तरी झाडपाल्याची पुस्तकं वाचून वाचून फाडली आहेत. सोबतच्या पुडीत गुलाबाच्या पाकळ्या आणि लव्हेंडर आहे, दोन्ही माझ्या कुंड्यांतलं, सावलीत वाळवलेलं. अर्धा कप पाणी उकळ, गॅस बंद कर, मग चमचाभर फुलं टाक आणि वर बशी झाक. दुधात फुलं उकळायची नाहीत, दूध नासतं आणि चहा कडू होतो. चहापत्ती अर्धी चिमूट, नावापुरती. ती नसली तर तुझी आई त्याला औषध म्हणेल आणि तोंड फिरवेल, मी ओळखून आहे तिला. गाळून घे, वेगळं तापवलेलं दूध घाल, वरून मध. कोमट झाल्याशिवाय देऊ नकोस.

मी आलेच असते, पण गुडघा जिना चढू देत नाही.

माझ्या धाकटीला, तुझ्या आईला, माझी आठवण सांग. तुमच्यावर जीव आहे, तो ओळखून असा.
तुझी मावशी

दि. ९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

चहा तू सांगितलास तसाच केला. घरभर काय छान वास सुटला! आईनं कप नाकाशी नेला आणि भिंतीवर फेकला. एवढा जोर तिच्यात कुठून आला, देव जाणे. मग जो खोकला सुरू झाला तो शेजारच्या काकू धावत येईपर्यंत थांबला नाही. बोलता आलं तेव्हा म्हणाली, ताईला विचार, मला पावडर का पाजतेस. दहा वर्षं पाजलीस ती पुरली नाही का, असंही विचार म्हणाली.

मला काही कळेना. मग काकूंनी तुमच्या साबणाच्या कारखान्याचं जुनं पाकीट आणून दाखवलं. धुण्याच्या पावडरीवर लव्हेंडरचंच चित्र आहे. तू तिथली मुकादम होतीस मावशी, तुझ्या लक्षात कसं राहिलं नाही?

आणखी एक, रागावू नकोस. तुझा गुडघा भाजीबाजारात पिशव्या घेऊन फिरतो असं तुझ्याच पत्रांत असतं. आमच्याच जिन्यावर तो कसा काय अडतो? आई रोज विचारते, ताई का येत नाही. मी काय सांगू?

तिला अजून झोप नाही, डुलकी लागली की दचकून उठते. काही सुचलं तर लगेच लिही.
तुझी खारू

दि. १४ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि मी कुंडीतलं लव्हेंडर मुळासकट उपटलं. मला तो वास अजून आवडतो. का आवडतो ते सांगते. मला तो काचेपलीकडून यायचा.

पावडर भरण्याचा विभाग नवा निघाला तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. वरच्या नळकांड्यातून पावडर सुटली की समोरचं माणूस दिसायचं नाही. सहा महिन्यांत मला खोकला लागला. कारखान्याच्या डॉक्टरनं बाजूला घेऊन सांगितलं की या धुळीत राहिलात तर छाती जाईल, बहिणीलाही साबणाच्या वड्यांच्या विभागात हलवा. मी मुकादम. स्वतःसाठी काचेची केबिन मागून घेतली. तुझ्या आईला हलवलं नाही. तिचा हात सगळ्यांत चपळ होता, ती गेली असती तर माझ्या विभागाची रोजची पोती भरली नसती आणि साहेबांपुढे माझी मान खाली गेली असती. तिनं स्वतःहून विचारलं होतं, ताई, तिकडे घेतेस का. मी म्हणाले, जागा नाही.

जागा होती.

गुडघा बरा आहे. तोंड नाही म्हणून येत नाही. हे पत्र तिला वाचून दाखव. मला समोर बसून बोलवणार नाही, आणि न सांगता तिला जाऊ देणंही होणार नाही.

या पुडीत शेवंती आहे. आपल्या कारखान्यात ती कशातच पडली नाही, हे दोन जुन्या बायकांना विचारून खात्री केली आहे. अख्खी सहा फुलं घे, देठ खुडून टाक. पाणी उकळतं असताना टाकू नकोस, शंभर आकडे मोज, मग टाक. बाकी सगळं आधीसारखंच.

रागावशील तेव्हाही पत्र लिहायचं सोडू नकोस.
तुझी मावशी

दि. २० फेब्रुवारी

मावशीस,
सा. न. हा नमस्कार सवयीनं लिहिला आहे, असं समज.

पत्र वाचून दाखवलं. दोन दिवस ते मी कपाटात ठेवून दिलं होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच ओळ पुन्हा वाचायला लावली, जागा होती ती. मी वाचली. ती म्हणाली, तुझ्या हातातल्या सदऱ्याचं बटण उलटं बसतंय, उसव.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, ती फुलं आली आहेत ना, मग कर. मी केला. वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. अर्धा कप प्यायली आणि माझ्या खांद्याला टेकून तासभर झोपली. बसल्या बसल्याच, पण झोपली. मी खांदा हलवला नाही.

जागी झाल्यावर सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. चहा चांगला आहे म्हणून कळव. तिला ये म्हणून लिहू नकोस. मला तिचं तोंड बघायचं नाही.

त्यानंतर दोनदा केला, दोन्ही वेळा कडू झाला. तिनं ओठाला लावून परत दिला. मोजते शंभर, पण मधेच ती खोकते आणि मी आकडा विसरते. पुन्हा झोप नाही.

खारू

दि. २३ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

पाकिटावर टपालाचा शिक्का नाही, बघितलंस ना? तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लॉज आहे, तिथून लिहिते आहे. काल आले. धाकटीला माझं तोंड बघायचं नाही, ते मी दाखवणार नाही. गावात येऊ नकोस असं काही ती म्हणाली नाही.

लॉजची बाई तोंडाची फटकळ आहे, पण मनानं बरी. फुलं बघून म्हणाली, आजी, खोली सजवताय का. सांगितलं तेव्हा एक शेगडीच माझ्या नावावर करून टाकली. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला तुमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर थर्मास ठेवीन. वर येणार नाही. तू आईशेजारी बस, मोजायचं काम माझं. कुणी केला ते सांगायची गरज नाही. आणि चिडली असलीस तरी दोन घास खात जा, तुझे गाल मागच्या फोटोतच बसलेले दिसत होते.

तुझी मावशी

दि. २६ फेब्रुवारी (थर्मासच्या कडीला बांधून)

मावशी,
तीन दिवस झाले, ती पूर्ण कप पिते. काल दुपारी दोन तास झोपली, डॉक्टरांनाही नवल वाटलं. आज विचारलं, चहा कोण करतं. मी म्हणाले, मीच. ती म्हणाली, तुझ्या हाताला एवढा धीर नाही. मग भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता कप परत देईल. तिनं तो पुढे केला, अजून घाल म्हणून.
तुझं नाव काढलं नाही. आशा लावून ठेवत नाही, जसं आहे तसं कळवते. पण आज तुला मनापासून सा. न.
खारू

दि. २८ फेब्रुवारी (थर्मासच्या कडीला बांधून)

चि. खारू, अ. आ. मध संपला म्हणून आज साखर घातली आहे, तिला चव वेगळी लागेल. माझ्याबद्दल तिला काही विचारू नकोस. पिते आहे, झोपते आहे, तेवढं मला पुष्कळ. — मावशी

दि. २ मार्च

ती. मावशीस,
थर्मास भरलेलाच परत पाठवते आहे. काकूंच्या हाती देते, पायरीवर ठेववत नाही.

सकाळी साडेआठला गेली. कालच्या चारच्या चहानंतर झोपली ती नीट जागी झालीच नाही. धाप नव्हती, धास्ती नव्हती. डॉक्टर म्हणाले, अशा छातीला इतकं शांत मरण क्वचित येतं. तू विचारशील, शेवटी काही म्हणाली का. नाही म्हणाली. तुला माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

पाणी तापत ठेवलं आहे. तिला स्वच्छ पुसून चांगलं पातळ नेसवायचं आहे. हाडंच उरली आहेत, तरी मला एकटीला उचलवत नाही.

वर ये.
तुझी खारू