साध्या पिशव्यांतली हिरवी पानं

७ एप्रिल, सोम.
पुलगावची एस.टी. उशिरा. शेडनेटच्या जाळीखाली पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. पारा किती चढलाय ते बघायचं नाही, असं ठरवलंय. वर्ध्यात कॉफी म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "पिऊन राह्यल्या का लावून राह्यल्या?" हसू देत. रोपं जगलीत.
पण आज एक खटकलं. रोपांच्या एकूण ऐंशी पिशव्या. चाळीस बु., म्हणजे मातीत बुरशी मिसळलेल्या. ही मुळांशी राहून झाडाला खाऊ घालणारी. चाळीस सा., म्हणजे साध्या, तीच माती, पण वाफवलेली, बिनबुरशीची. सा. रोपं खुरटी, पिवळी राहायला हवीत, तोच तर सगळा प्रयोग. आणि त्यांतल्या काहींना नवी हिरवीगार पानं! आनंद व्हायचा, तर मी पिशव्यांवरच्या पाट्याच पुन्हा पुन्हा तपासत बसले.

९ एप्रिल, बुध.
मोजली. नऊ रोपं. बाकी एकतीस तशीच रडकी.
बावीसला समिती. मुदतवाढ शेवटची. हा प्रयोग ग्राह्य धरला नाही तर नोंदणी रद्द, पीएच.डी.ची पाच वर्षं पाण्यात. मागच्या उन्हाळ्यात रोपं करपली तेव्हा त्यांनी समजून घेतलं. दर वेळी कोण समजून घेतं?
माती वाफवताना मीच घाई केली असणार. मी म्हणजे कायम घोड्यावर.

११ एप्रिल, शुक्र.
नऊपैकी तिघांच्या मुळांचे तुकडे घेतले, उकळले, शाई-व्हिनेगरमध्ये रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली निळे धागे. ढळढळीत बुरशी. रडक्या रोपांची मुळं मात्र स्वच्छ. म्हणजे वाफवण्यात चूक नाही, असती तर सगळीकडे दिसली असती.
बुरशी चालत तर गेली नाही. कुणीतरी टाकली.

१२ एप्रिल, शनि.
देवाजीभाऊंना विचारलं. रोजंदारीवर आहेत, पण तीन वर्षं शेडनेटला पाणी तेच देतात. माझ्याआधी येतात, माझ्यानंतर जातात.
"या ओळीत काही टाकलं होतं का तुम्ही?"
"टाकली ना जी. मूठमूठ माती. त्या चांगल्यायच्या पिशवीतली."
लपवणं नाही, काही नाही. "काऊन?" माझ्या तोंडूनही काऊनच निघालं.
"म्याडम, एका पंगतीत बसवलं अन् अर्ध्यायच्या पानात वाढलंच नाई. असं कोनी करते का? जे लई रडून राह्यले होते त्याइलेच देल्ली. शिवरातीच्या मांगंपुढं."
मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. ते नुसते पाइप गुंडाळत राहिले.
बसमध्ये डोकं थंड झालं. तीन वर्षांत त्यांना एकदाही सांगितलं नाही, अर्धी रोपं मुद्दाम उपाशी का ठेवलीत. पिशव्यांवर इंग्रजी अक्षरांच्या पाट्या लावल्या की आमचं काम संपलं! लाज वाटली. राग मात्र गेला नाही.

१५ एप्रिल, मंगळ.
सरांना सांगितलं. माझे मार्गदर्शक, त्यांना सांगणं भागच होतं. त्यांनी दार लावून घेतलं.
"मुळं कोण उकळून बघणार आहे? पानं बघतील, चहा पितील, जातील. ती नऊ बाजूला कर. उन्हानं मेली म्हण."
मी "हो सर" म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं, त्याचाच राग येतोय.
खरं सांगितलं तर लेखी अहवाल, त्यात कुणाच्या हातून झालं ते, आणि देवाजीभाऊ घरी. म्हणजे मी खोटं बोलण्यात त्यांचंही भलं. किती सोयीचं!

१८ एप्रिल, शुक्र.
सुट्टी. काही केलं नाही. दोनदा पोळी करपवली. आई म्हणाली, "तुह्या डोक्यात काय चालू हाय?" कॉफी, म्हटलं.

२१ एप्रिल, सोम.
पाच वाजता सगळे गेल्यावर नऊ पिशव्या पाण्याच्या टाकीमागे नेल्या, वर गोणपाट. नोंदवहीत त्यांच्यापुढे 'मृत' लिहिलं, नऊ वेळा. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

२२ एप्रिल, मंगळ. दुपारी दीड
सकाळी समितीबरोबर आत शिरले, तर नऊच्या नऊ ओळीत, आपापल्या जागी. पानं ओल्या फडक्यानं पुसलेली. देवाजीभाऊ धुतलेल्या शर्टात उभे.
समितीतल्या बाई नोंदवही पानोपान वाचणाऱ्या निघाल्या. वही पाहिली, रोप पाहिलं, परत वही. "यात तर मृत लिहिलंय."
सर वर जाळीकडे बघायला लागले. देवाजीभाऊच बोलले, "मेले कायचे जी! टाकीमांगं राह्यले होते, बिनपान्याचे. मीच आनले सकाळी."
बाईंनी मला विचारलं, "टाकीमागे ठेवली कुणी?"
जेवणानंतर सांगते, म्हटलं. दोन वाजता बसायचंय.
सरांचा मेसेज: 'देवाजीने ठेवली म्हण. तो काही बोलणार नाही.'
खरंच बोलणार नाहीत. मी नाव घेतलं तर मान खाली घालून हो म्हणतील, मला ठाऊक आहे. तेच सहन होत नाहीये. आणि पाच वर्षंही सोडवत नाहीयेत.
आत्ता देवाजीभाऊ दारात येऊन गेले. "म्याडम, काई चुकलं का माह्याकून?"
नाही म्हटलं.
"मंग डबा काऊन नाई उघडला?"
दोनला पाच कमी. बोलावणं आलंय.